घर दाखवायचा उन्हाळा

मे महिना लागला की आमच्या रस्त्याला टेंपो दिसायला लागतात. शाळा संपलेल्या असतात, भाड्याचे करार संपत आलेले असतात, आणि अर्धं पुणं उरलेल्या अर्ध्या पुण्याच्या घरात राहायला निघतं. गाद्यांच्या वळकट्या वर, फ्रीज उभा, कपाट आडवं, आणि पुढे ड्रायव्हरशेजारी मांडीवर मिक्सर घेऊन बसलेली बाई. मिक्सर मागे ठेवत नाहीत. टीव्ही मागे चालतो, देवांचा डबा मागे चालतो, मिक्सर मांडीवर. मीही तशी बसलेली आहे, म्हणून सांगते.

आता मी दहाव्या मजल्यावरून बघते. इथून मिक्सर दिसत नाही, पण बाई कशी अवघडून बसलीय त्यावरून कळतं.

हे घर आमचं स्वतःचं आहे. म्हणजे मुलाचं, सुनेचं आणि बँकेचं. पाणी दिवसभर असतं, दोन लिफ्ट आहेत, खाली बाग आहे. तक्रार करण्यासारखं काही नाही, त्यामुळे बोलण्यासारखंही फारसं नाही. कोणी आलं की सून घर दाखवते. ते "छान आहे" म्हणतात आणि सोफ्यावर बसतात. मला मात्र मे महिन्यात आठवतं ते कात्रजचं घर. ते आमचं नव्हतं. ते आमचं व्हावं म्हणून मी एक अख्खा उन्हाळा त्याची निंदा केली.

लग्न होऊन आले ती नारायण पेठेत, भाड्याच्या दोन खोल्यांत. नळ सामाईक, जिना अंधारा, आणि घरमालकीण अशी की आमच्याकडे पाहुणा आला की त्याच्या चपला बघून तो मुक्कामाला आहे की चहाला, ते ओळखायची. आमचे हे बुधवार पेठेत बाइंडिंगच्या दुकानात होते. अंगाला कायम खळीचा वास. घर घेऊ या का, असं मी विचारलं की म्हणायचे, "घर काय पळून जातंय?" घर नाही पळालं. तेच गेले.

त्यानंतर जसं भाडं परवडेल तसे आम्ही दक्षिणेकडे सरकत राहिलो. पेठेतून पर्वतीच्या पायथ्याला, तिथून धनकवडीला, आणि शेवटी कात्रजच्या डोंगराला जाऊन टेकलो. पुढे घाट. घाटात घरं नव्हती, नाहीतर तिथेही गेलो असतो.

कात्रजचं घर दामल्यांचं. दामले बँकेतून निवृत्त झालेले, स्वतः नारायण पेठेत राहायचे, आणि हा फ्लॅट त्यांनी कधीकाळी गुंतवणूक म्हणून घेतलेला. महिन्याच्या पहिल्या रविवारी स्कूटरवर यायचे. भाडं परस्पर खात्यात जायचं, त्यामुळे यायचं तसं कारण काही नव्हतं. चपला दाराबाहेर काढायच्या, आत यायचं आणि आमच्याकडे न बघता भिंतींकडे बघायचं.

"खिळे नाहीत ना ठोकले, आजी?"

"तुम्ही माझ्याच वयाचे आहात. आजी म्हणू नका."

"बरं. खिळे नाहीत ना ठोकले?"

खिळा ठोकायचा नाही, ही त्यांची एकच अट होती. बाकी माणूस वाईट नव्हता. करार अकरा महिन्यांनी संपायचा, ते अकरा महिन्यांचा पुन्हा करायचे, कुरकुर न करता. पण खिळा नाही म्हणजे नाही. त्यामुळे आमचं सगळं घर कशाला ना कशाला टेकलेलं होतं. कॅलेंडर दाराच्या कडीला, घड्याळ गव्हाच्या डब्याला, आणि आमच्या ह्यांचा हार घातलेला फोटो फ्रीजवर, भिंतीला पाठ लावून. फ्रीजचं दार जोरात लावलं की ते हलायचे. जिवंतपणी एवढे हलले नाहीत. आता इथे हवे तेवढे खिळे ठोकता येतात, तर सून म्हणते भिंतीचा रंग महागाचा आहे. फोटो अजून फ्रीजवरच आहे. फ्रीज तेवढा नवीन.

मुलगा सतीश सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचा तो दिवेलागणीला यायचा. सून मेघना आतल्या खोलीत दार लावून लॅपटॉपवर काम करायची, कानात ते बटण घालून. तेव्हा भाड्याचं घर सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. ते वेगळं काम असतं. स्वतःच्या घरात नळ गळाला तर नळ गळाला. भाड्याच्या घरात नळ गळाला की आधी विचार करायचा, हा आपल्यामुळे गळाला की आपण यायच्या आधीपासून गळत होता, मालकाला कधी सांगायचं, चहाच्या आधी की नंतर. सोसायटीच्या मीटिंगला आम्हाला बोलवत नसत, भाडेकरू म्हणून. वर्गणीला बोलवत. जिन्यात पाटी होती, "भाडेकरूंनी कुंड्या जिन्यात ठेवू नयेत." मालकांनी ठेवलेल्या होत्या, त्यांना पाणी मी घालत असे. वाळून गेल्या असत्या तर भाडेकरूंनी हलवल्या असंच म्हटलं असतं.

सकाळी लवकर डेअरीच्या गाड्या सुरू व्हायच्या. क्रेटवर क्रेट आपटल्याचा आवाज यायचा आणि मग मी उठायचे, गजर कधी लावला नाही. त्याच्याही आधी एखादे दिवशी प्राणिसंग्रहालयातून वाघाचा आवाज यायचा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं वरच्या मजल्यावरचे गृहस्थ घसा साफ करताहेत. एप्रिलमध्ये डोंगरावर गवत पेटायचं. त्याचा करपट वास वाळत घातलेल्या कपड्यांना लागायचा, सतीशच्या शर्टांना सुद्धा, आणि तो तसाच ऑफिसला जायचा. गच्चीवर कुरडया घालायचे मी. गव्हाचा चीक शिजवून वर न्यायचा म्हणजे एका हातात पातेलं, एका हातात सोऱ्या, आणि दोन्ही गुडघे देवाच्या हवाली. चीक अर्ध्या जिन्यातच गार व्हायला लागायचा. तरी कुरडया पांढऱ्या व्हायच्या. ऊनच तसं होतं.

त्या वर्षी पाडवा झाला आणि दामले भलत्याच रविवारी आले. चपला काढल्या, पण भिंतींकडे बघितलं नाही. तेव्हाच मला शंका आली.

"मुलीकडे जायचं ठरलंय, बंगळूरला, कायमचं," म्हणाले. "पेठेतलं काढतोय, हेही काढतोय. एवढ्या लांबून कोण बघणार भिंती?"

सतीश घरी होता. तो म्हणाला, "काका, आम्ही घेऊ का?"

"घ्या की. माझी काही हरकत नाही. तीन वर्षांत एक खिळा नाही ठोकलात."

कर्जाचं प्रकरण घालायचं म्हणजे कागद, आणि जुन्या इमारतीचे कागद म्हणजे कुठला तरी एक नसतोच. सतीशने मे अखेरपर्यंतची मुदत मागितली. दामले म्हणाले, "मी थांबतो हो. पण जाहिरात दिलीय, माणसं येणार. मधे कोणाचं पक्कं झालं तर मला बोल लावायचा नाही. तुमचं बँकेचं आधी झालं तर घर तुमचं."

"आणि आलेल्यांना घर दाखवणार कोण?" मी विचारलं.

"तुम्ही. किल्ली तुमच्याकडे आहे."

आता मला ते घर हवं होतं, हे आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. ते फार सुंदर होतं असं नाही. पण मला आता पुन्हा सामान बांधायचं नव्हतं. नवीन घर म्हणजे नुसतं सामान हलवणं नसतं. पाणी कधी येतं, कचरा कुठे टाकायचा, कोपऱ्यावरचा वाणी मापात कसा आहे, शेजारीण किती वेळ बोलते, हे सगळं पहिल्यापासून शिकायचं. मी शाळा चौथीपर्यंत शिकले, पण घरं पुष्कळ शिकले. त्या घरातला कुठला दिवा कुठल्या बटणावर लागतो ते मला अंधारात येत होतं. आणखी एक घर पाठ करायची माझी तयारी नव्हती. बँकेचं काम होईपर्यंत दुसऱ्या कोणी ते घेतलं नाही पाहिजे, एवढं एकच मला कळत होतं. आणि घर दाखवणार मी होते.

रविवार सुरू झाले.

एक गोष्ट मी पहिल्याच दिवशी ठरवली, खोटं बोलायचं नाही. गरजच नव्हती. घराच्या खऱ्या खोडी पुरून उरण्याएवढ्या होत्या. मी येईल त्याला बसवायचे, पन्हं द्यायचे, कारण उन्हातून तीन जिने चढून आलेल्या माणसाला हात हलवत पाठवायची आपल्याकडे रीत नाही. तो पन्हं प्यायला लागला की मी सांगायला लागायचे.

आधी आलं एक जोडपं, दोघंही कंपनीतले. ती मुलगी मोबाइल उभा धरून घराचं शूटिंग करत फिरत होती, त्यामुळे घर तिने बघितलंच नाही.

"आजी, व्हेंटिलेशन कसं आहे?"

"वारा येतो. त्याबरोबर डोंगरावरची राख येते. उन्हाळ्यात दोनदा पुसावं लागतं."

"आणि पाणी?"

"येतं. सकाळी बारीक धार. वरचे लोक आधी उठले तर तीही नाही. मग टँकर."

त्या मुलीने शूटिंग बंद केलं. माझं बोलणं त्यात आलं असावं.

मग एक गृहस्थ आले, ते होकायंत्र घेऊन. खोलीच्या मधोमध उभे राहून गोल गोल फिरले. स्वयंपाकघर आग्नेयेला नाही म्हणून त्यांचा चेहरा आधीच उतरला होता.

मी म्हटलं, "संडास कुठल्या दिशेला आहे बघितलंत का?"

त्यांनी बघितलं. ईशान्य निघाली. पन्ह्याचा पेला तसाच टीपॉयवर राहिला, माणूस जिन्यात. तो पेला मी प्यायले. वाया कशाला घालवायचं.

एकजण गुंतवणुकीला बघत होता. त्याने मला सरळच विचारलं, "भाडेकरू कसे मिळतात इकडे?"

"आमच्यासारखे."

"म्हणजे चांगले?"

"म्हणजे नळ गळला की फोन करणारे."

अशी माणसं येत गेली, जात गेली. बेडरूमच्या पश्चिमेकडच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते आणि रंगाला पुळ्या उठतात, हे मी त्यांना भिंतीवर हात ठेवून दाखवायचे. बाथरूमचं दार आषाढात फुगतं आणि आतला माणूस आत राहतो. ओट्याचा उतार उलटा आहे, सिंककडे जायचं पाणी मागे भिंतीशी साचतं. लिफ्ट नाही, होणारही नाही. माझे गुडघे या जिन्यांनी घेतले. सगळं खरं. खरं म्हणजे घर दाखवता दाखवताच मला ते नीट दिसायला लागलं. ओट्याचा उतार उलटा आहे हे मला रोजचं माहीत होतं, पण तो किती उलटा आहे ते मी पेला उलटा करून पाणी सोडून दाखवलं तेव्हा कळलं. मालक घर इतकं बघत नाही. नवरी बघायला येतात ना, ते जसं चालायला लावतात, बोलायला लावतात, तसं मी त्या घराला दर रविवारी चालवून दाखवत होते, आणि कुठे लंगडतं ते आधीच सांगत होते.

मेघनाला रविवारीही काम असायचं. तिच्या खोलीचं दार किलकिलं असायचं, कारण गिऱ्हाइकांना ती खोलीही बघायची असायची. माणसं आत डोकावली की ती मान वर न करता "हॅलो" म्हणायची. कानात बटण असल्यामुळे तिला काही ऐकू जात नाही, असा माझा समज होता.

मेच्या मध्याला दामल्यांचा फोन आला.

"एवढी माणसं पाठवतो, एक परत फिरकत नाही. सांगता तरी काय तुम्ही त्यांना?"

"विचारतात ते सांगते."

"खरं सांगता?"

"मग काय करू? घर तुमचं आहे. खोटं तुम्ही येऊन बोला."

ते म्हणाले, "कुरडया झाल्या का घालून?" मी म्हटलं, झाल्या. म्हणाले, आमच्या हिला चार ठेवा. त्यांना सगळं कळलं होतं, असं मला अजून वाटतं. पण कागदावर तक्रार करता येईल असं त्यात काही नव्हतं.

मग बँकेचा होकार आला. सतीश येताना कलिंगड घेऊन आला. जेवणं झाल्यावर त्याने कागद काढले, आणि मेघना म्हणाली, "मला वाटतं आपण हे घर घेऊ नये."

मी म्हटलं, "का?"

"आई, भिंतीला ओल येते."

"कोण म्हणालं?"

"तुम्ही. दर रविवारी."

"मी गिऱ्हाइकांना सांगत होते."

"खोटं होतं का?"

"खोटं कशाला बोलू?"

"मग. पाणी बारीक येतं, दार फुगतं, लिफ्ट नाही. तुमचे गुडघे जिन्यांनी घेतले हेही तुम्हीच सांगता. परवा त्या काकूंना सांगत होता तेव्हा मला रडू यायचं बाकी होतं. आम्ही तुम्हाला अजून वीस वर्षं या जिन्यावर चढवायचं का?"

वीस वर्षं हे तिने उगीच मोठ्या मनाने म्हटलं. पण मनापासून म्हटलं.

सतीश आमच्या दोघींच्या मधे बसून कलिंगडाच्या बिया ताटलीत एका रांगेत लावत होता. लहानपणापासून त्याचं असंच. भांडण सुरू झालं की त्याला हाताला काम लागतं.

मेघना म्हणाली, "मला तर वाटलं होतं, तुम्हाला हे घर नकोच आहे. तीन वर्षांत एकदा तरी चांगलं बोललात का याच्याबद्दल?"

मी आठवून बघितलं. नव्हते बोलले. या घराबद्दल नव्हे, कुठल्याच घराबद्दल नव्हते बोलले. नारायण पेठेत आले तेव्हा शेजारच्या खोलीतल्या बाईंनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. भाड्याच्या घराला तोंडाने कधी चांगलं म्हणायचं नाही. घर चांगलं आहे असं मालकाच्या कानावर गेलं की भाडं वाढतं. उजेड आहे म्हणायचं नाही, वारा आहे म्हणायचं नाही. विचारलं तर म्हणायचं, चाललंय कसंबसं. आम्ही सगळ्या बिऱ्हाडकरणी असंच म्हणायचो. मी उभ्या जन्मात जेवढ्या घरांत राहिले, त्या सगळ्यांत माझं कसंबसं चाललं होतं. ते अंगवळणी पडलं. सुनेसमोर बसून, आता तरी दोन शब्द चांगले बोलावेत, एवढं मला कळत होतं. ती ऐकायला तयारही होती. पण तोंडातून काय निघालं, तर "ओल सगळ्याच घरांना येते."

असल्या वाक्याने कोणी घर घेत नाही.

आंबेगावच्या बाजूला एक उंच इमारत उठत होती. तिचं माहितीपत्रक मेघनाच्या पिशवीत आधीपासून होतं, मला ते आता दिसलं. त्यात सगळ्या खोल्या पांढऱ्या होत्या आणि एकाही खोलीत माणूस नव्हता. ताबा मिळायला अजून वर्षभर होतं. म्हणजे मधे पुन्हा भाड्याचं घर आलंच. सतीश म्हणाला, दोन-चार दिवस विचार करू. मी म्हटलं, करा. दामल्यांचं घर अजून कोणी घेतलं नव्हतं. मेघनाचं मन वळायला वेळ होता, आणि तोवर एकच रविवार जायचा होता.

त्या रविवारी राऊतबाई आल्या. यवतमाळकडच्या, चाळिशीच्या, नवरा कारखान्यात. नवरा बरोबर होता, पण तो दारातच उभा राहिला, बोलणं सगळं बाईंचं. त्यांनी पन्हं एका दमात संपवलं आणि पेला पुढे केला.

"वेलदोडा टाकला नं, मावशी? अजून द्या."

मी अजून दिलं आणि सुरुवात केली. "पाणी बारीक येतं."

"येते नं पण? आमच्या गावी आठ-आठ दिवस नळाले पाणी राहत नाही."

"या भिंतीला पावसाळ्यात ओल येते."

"पाऊस येते म्हणून ओल येते. पाऊसच नाही आला तर काय करता?"

"लिफ्ट नाही."

"आता आम्ही पत्र्याच्या खोलीत राहतो, मावशी. वर जायले जिना आहे म्हणजे वरती घर आहे."

मला हसू आलं, ते मी दाबलं. शेवटचं राखून ठेवलेलं काढलं. "पहाटे वाघ ओरडतो. झोपमोड होते."

"पिंजऱ्यातला नं?" राऊतबाई म्हणाल्या. "आमच्याकडे मोकळा फिरते."

दारातून नवरा पहिल्यांदाच हसला. मी ओट्याचा उतार दाखवला, तर त्या म्हणाल्या, खाली एक फडकं ठेवायचं. बाथरूमचं दार दाखवलं, तर म्हणाल्या, रंधा मारून घेऊ. भिंतीवरून हात फिरवत फिरवत त्या आतल्या खोलीपर्यंत गेल्या आणि परत आल्या. त्यांनी घराला नावं ठेवली नाहीत आणि स्तुतीही केली नाही. बिऱ्हाडातून आलेली बाई होती, मला लगेच कळलं. खाली गेल्या आणि जिन्यातूनच त्यांनी दामल्यांना फोन लावला. आवाज वरपर्यंत आला.

मेघनाने खोलीतून बाहेर येऊन माझ्याकडे बघितलं. "आई," एवढंच म्हणाली, आणि पन्ह्याचे पेले उचलून आत घेऊन गेली. एरवी ते मी उचलायचे.

पुढचं सांगण्यासारखं नाही. खोकी आणली, वर्तमानपत्रं आणली, कपबशा गुंडाळल्या. सामान बांधायला लागलं की घरातले आवाज बदलतात. बोललेलं जरा घुमायला लागतं. मेघनाने माझी भांडी माझ्या पद्धतीने लावली, मला न विचारता, मोठ्यात मधलं, मधल्यात लहान, आणि मधे मधे फडकी. माझं बघून बघून शिकली असावी. आम्ही त्या घराबद्दल पुन्हा बोललो नाही. तिच्या बाजूने बघितलं तर तिचं चुकलं नव्हतं. आज मी लिफ्टने वर-खाली करते ते तिच्यामुळे.

जायच्या दिवशी सामान सकाळीच उतरवून झालं. किल्ली राऊतबाईंना द्यायची होती. दामल्यांनी फोनवर सांगितलं, "तुम्हीच द्या. मी आलो तर उगाच भिंती बघत बसेन." सतीश आणि मेघना खाली गेले. मी रिकाम्या घरात थांबले. फरशीवर फ्रीजच्या पायांचे डाग राहिले होते, ते पुसले.

राऊतबाई एकट्याच आल्या, हातात दुधाची पिशवी आणि लहानसं पातेलं. दूध उतू घालायचं होतं, पण शेगडी त्यांची संध्याकाळी येणार होती. पातेलं तसंच ओट्यावर ठेवलं. मी किल्ल्या दिल्या. दाराची, गच्चीची, पत्रपेटीची.

त्या म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं ते सगळं ध्यानात आहे, मावशी. पाणी, भिंत, दार, ओटा. अजून काही राहिलं असेल तर सांगून द्या. वाईट नाही वाटत मले."

"राहिलंय," मी म्हटलं.

त्या पदर खोचून उभ्या राहिल्या, ऐकायला.

मी म्हटलं, "या मधल्या बोळात दुपारी पंखा लावू नका. नुसतं फरशीवर आडवं व्हायचं, डोकं त्या दाराकडे करून. मे महिन्यातसुद्धा पाठ गार होते."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मी पुढे बोलत गेले. थंडीत सकाळी ऊन स्वयंपाकघरात येतं ते ओट्याच्या पायाशी थांबतं. तिथे पाट टाकून बसलं की भाजी निवडता निवडता केस वाळतात. संध्याकाळी वरण शिजत ठेवलं की या खिडकीशी उभं राहायचं, घाट चढणाऱ्या गाड्यांचे दिवे लागायला लागतात, एकामागून एक, आणि वळणावर दिसेनासे होतात. कंटाळा आला असेल तर तो तिथे जातो. बेडरूमच्या त्याच ओल येणाऱ्या भिंतीला पलंग लावायचा, कारण वारा तिथेच लागतो. तापात निजलं तर तिथेच निजावं. आणि या घरात हाक मारली की कुठल्याही खोलीतून ओ येते, मोठ्याने बोलावं लागत नाही. घर असं बांधलंय.

मला इतकं बोलायची सवय नव्हती.

राऊतबाई म्हणाल्या, "एवढं चांगलं घर होतं, अन् त्या दिवशी काहून नाही सांगितलं, मावशी?"

"त्या दिवशी तुम्ही गिऱ्हाईक होतात."

राऊतबाई मी सांगितलं होतं त्या बोळात गेल्या, वाकून फरशीला हात लावला, आणि तिथेच खाली बसल्या. मग चक्क आडव्या झाल्या, पदर तोंडावर घेऊन, डोकं दाराकडे करून. मी त्यांच्या उशाशी उभी.

खालून सतीशने हाक मारली, "आई, चल ना, सगळे थांबलेत."

मी खिडकीतून वाकून म्हटलं, "थांबा जरा. मी घर दाखवतेय."